पेटीचं गार टोक

नेव्हिल शेरटला आयुष्यात एकच विद्या येत होती. ऊब सगळीकडे सारखी पसरवणं.

इंग्लंडात, लाँग्टनमधल्या एका कपबशांच्या कारखान्यात तो भट्टी सांभाळायचा. त्याचा बाप भट्टीवर होता, आजाही भट्टीवर. त्यांच्या काळात कोळशावर चालणाऱ्या, बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या होत्या. नेव्हिलच्या वाट्याला गॅसची आली. विद्या मात्र तीच. दाराशी जितकी आच, तितकीच मागच्या भिंतीला, तितकीच वरच्या फळीवर. कुठे गार कोपरा राहिला की तिथली झिलई मंद निघते. कुठे आच चढली की बशी वाकते. भट्टीतून निघालेली बशी कोपऱ्यातली की मधली हे बघून ओळखू आलं, तर समजायचं भट्टीवाला कच्चा. नेव्हिलच्या बशांवरून कधी ओळखू आलं नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकाने सगळ्यांशी हात मिळवले. नेव्हिलपाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "तुझ्या भट्टीला कोपरेच नव्हते, नेव्ह." हे वाक्य नेव्हिलने पुढे बरीच वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

घरीही त्याने तेच चालवलं. एका खिडकीला फट म्हणून नाही. प्रत्येक दाराच्या पायाशी कापडाची जाड वळकटी. पुढची खोली, जिना, वरच्या दोन खोल्या, सगळीकडे एकच हवा. मागचं स्वयंपाकघर तेवढं त्याच्या हाती लागलं नव्हतं. ते मॉरीनचं. मॉरीन म्हणजे त्याची बायको. ती मागचं दार बोटभर उघडं ठेवायची आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसायची. जानेवारीतसुद्धा. अंगात दोन स्वेटर. नेव्हिलला वाटायचं, ही आपल्यावर रुसून बसते. कशावरून ते त्याने पहिल्या काही वर्षांत विचारलं, मग सोडून दिलं.

केरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. इस्पितळात नर्स. ती घरी फार येत नसे. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. नाताळात यायची, जेवायची, पुढच्या खोलीत बसून खिडकीकडे बघायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. नेव्हिल दारात उभा राहून हात हलवायचा. मग दार लावून वळकटी नीट सरकवायचा.

त्या ऑक्टोबरात तिला दूर स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला नोकरी लागली. राहायची जागा इस्पितळाचीच, आणि तिथे जनावर पाळायला बंदी. म्हणून एका शनिवारी ती गाडी घेऊन आली. आधी तिने काचेची टाकी आत आणली. मग कोटाच्या आतून उशीचा अभ्रा काढला. अभ्र्याला गाठ मारलेली होती. आत मेबल होती.

मेबल म्हणजे रॉयल जातीच्या अजगराची मादी. लांबीला माणसाच्या हातापेक्षा थोडी जास्त, अंगाने भरलेली, काळपट तपकिरी, त्यावर मधाच्या रंगाचे डाग. केरीचं लग्न मोडलं त्या वर्षी तिने ती आणली होती. तेव्हापासून दोघी एकत्र होत्या.

"चावते का ही?" मॉरीनने विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी," नेव्हिल म्हणाला.

"खायला काय घालायचं?"

"उंदीर," केरी म्हणाली. "मेलेले, गोठवलेले. पिशवी आणलीय मी. फ्रीजरमध्ये ठेव."

"मटारांच्या शेजारी?"

"मटारांच्या खाली ठेव, आई."

टाकी पुढच्या खोलीत लागली. केरी खाली बसून तारा जोडत होती आणि नेव्हिल तिच्या मागे उभा होता.

"हिला बत्तीस अंश लागतं, बाबा. बत्तीसच्या खाली गेलं तर खाल्लेलं पचत नाही, पोटात कुजतं. बाकी काही करू नकोस. बत्तीस तेवढं बघ."

"बत्तीस," नेव्हिल म्हणाला. "मी साडेअकराशे सांभाळलेत, राणी."

"माहितीये. म्हणून तर तुझ्याकडे आणली." ती उठली, हात झटकले. "ईस्टरपर्यंत ठेव. जमलं तर मग कायमची इथेच राहू दे. मी महिन्यातून एकदा येईन तिला बघायला. नाही जमलं तर क्रू गावची माझी मैत्रीण आहे, शेली, ती घ्यायला तयार आहे."

त्यातलं नेव्हिलने एकच ऐकलं. महिन्यातून एकदा.

ती गेल्यावर त्याने टाकीत हात घातला. टाकीच्या एका टोकाखाली ऊब देणारी पातळ चटई होती. तिथे हात चांगला शेकला. मग त्याने हात हळूहळू दुसऱ्या टोकाकडे नेला. मधे कोमट. टोकाला गार. वरच्या जाळीतून होती ती ऊबही निघून चालली होती. भट्टीवाल्याच्या हाताला हे सहन झालं नाही.

"बघ हे," तो मॉरीनला म्हणाला. "एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला अंगण. असल्या भट्टीतून काढलेली बशी मला कुणी दाखवली असती तर मी फोडून टाकली असती."

"बशी नाहीये ती."

"जीव आहे. म्हणजे जास्तच जपायला पाहिजे."

मग तो मागच्या शेडमध्ये शिरला आणि नोव्हेंबर लागेपर्यंत फारसा बाहेर दिसला नाही. त्याने लाकडाची पेटी केली, चार फूट लांब. पुढे सरकती काच. लाकडाच्या आत कॉर्कचा थर, म्हणजे ऊब बाहेर जायला नको. दोन्ही टोकांना एकेक हीटर, दोन्हींवर तारेचे पिंजरे, म्हणजे मेबलला चटका बसायला नको. हे हीटर चिनी मातीचे असतात. दिव्यासारखे दिसतात, पण उजेड देत नाहीत, नुसती ऊब देतात. आपल्या धंद्यातलीच वस्तू निघाली याचा त्याला आनंद झाला. एका जुन्या कॉम्प्युटरमधला बोटभर पंखा काढून त्याने छताला बसवला, आतली हवा फिरती राहावी म्हणून. हीटरना थर्मोस्टॅट जोडला. त्याच्या तारेच्या टोकाची, ऊब मोजणारी घुंडी बरोबर मधोमध. मग चार कोपऱ्यांत चार थर्मामीटर लावून तो स्टूल घेऊन समोर बसला. चारही बत्तीसवर आले आणि तिथेच थांबले.

त्याने मॉरीनला हाक मारली. ती हात पुशीत आली.

"घाल हात. कुठेही घाल."

तिने घातला. इकडे, तिकडे, मधे.

"सगळीकडे सारखंच आहे."

"तेच तर."

"छान आहे," मॉरीन म्हणाली. "आणि हिने यात करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? राहायचं."

केरीचा फोन दर रविवारी येऊ लागला. एरवी तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. "बत्तीस आहे ना, बाबा?" "बत्तीसला खिळा ठोकलाय." नवीन पेटीबद्दल त्याने तिला सांगितलं नाही. फोटो पाठवला नाही. ईस्टरला ती येईल, काचेची टाकी शोधेल आणि तिच्या जागी हे बघेल, असं त्याने मनाशी योजून ठेवलं होतं. मॉरीनलाही बजावून ठेवलं होतं.

पहिले काही दिवस मेबल फिरली. भिंतीच्या कडेने जायची, कोपऱ्यात थांबायची, वळायची, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायची. तिथेही थांबायची. नेव्हिल म्हणाला, नवीन घर बघतेय. मग ती काचेच्या फटीला नाक घासू लागली. नेव्हिल म्हणाला, मला ओळखायला लागलीय. मग एके दिवशी ती पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली. ते भांडं म्हणजे कारखान्यातली, ओव्हनमध्ये ठेवायची खोलगट थाळी होती, काठाला बारीकसा दोष राहिलेली. त्यात ती वेटोळं घालून बसली, डोकं काठावर टेकवून. बाहेर निघेना.

"आंघोळ आवडते वाटतं हिला," नेव्हिल म्हणाला.

उंदीर त्याने कोमट पाण्यात भिजवून मऊ केला, चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवला. तिने तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यातही फिरवलं. त्याच्या पुढच्याही.

साप पाळणाऱ्यांची आमच्याकडे एक मंडळी आहे. महिन्यातून एका रविवारी कामगार क्लबच्या वरच्या खोलीत जमते. नेव्हिल तिथे गेला. विल्फ पॉडमोर तिथला म्होरक्या. गॅरेजमध्ये पन्नासेक साप, म्हणून गाडी कायम बाहेर रस्त्यावर. त्याने ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, हातात गुंडाळून धरला होता आणि त्यातलं चीज त्याच्या बोटावर ओघळत होतं.

"खात नाही?" विल्फ म्हणाला. "रॉयल आहे ना? मग सोड. रॉयल हिवाळ्यात उपासच करतात. माझ्या एकीने तर सहा महिने तोंडाला लावलं नव्हतं काही. मग एप्रिलात उठली नि माझा अंगठा धरला."

"पाण्यात बसून असते."

"कात टाकायची असेल. गरम टोक किती ठेवतोस?"

"बत्तीस."

"उत्तम. मग कशाला रडतोस, राजा? चहा घे."

शेजारच्या टेबलावरच्या बाईनेही तेच विचारलं. गरम टोक किती? बत्तीस. मग ठीक आहे की. आणखी एकाने विचारलं. त्यालाही नेव्हिलने बत्तीसच सांगितलं. त्याने मान डोलावली. खोलीतल्या प्रत्येकाने गरम टोकाची चौकशी केली आणि नेव्हिल हलक्या मनाने घरी आला.

मेबलने कात टाकली. पण कात अखंड, मोज्यासारखी उलटी निघायची, ती कागदासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. काही अंगाला तशीच चिकटून राहिली. पाठीच्या दोन्ही बाजूंना कातडी सैल पडली, आणि तिला हातात घेतलं की बोटांना कणा लागू लागला. नेव्हिलने ते मॉरीनला सांगितलं नाही. सापांचा डॉक्टर तिकडे न्यूकॅसलच्या वाटेवर होता. पण तो केरीच्या ओळखीचा. त्याच्याकडे नेलं की केरीला कळणार. केरीला कळलं की क्रूची शेली.

त्याने स्टूलवर बसून विचार केला. भट्टीवाला जसा करतो तसा केला. माल कच्चा निघतोय, म्हणजे आच कमी पडतेय. त्याने थर्मोस्टॅट तेहतीसवर नेला.

मेबल थाळीत आणखी खाली सरकली. आता नुसत्या नाकपुड्या पाण्याबाहेर होत्या.

फेब्रुवारीत एका गुरुवारी नेव्हिल दात दाखवायला गेला होता. घरी मॉरीन पुढची खोली झाडायला आली. झाडायचं यंत्र लावायला भिंतीत प्लगची जागा नव्हती, म्हणून तिने पेटीचा एक प्लग काढला. तो डाव्या टोकाच्या हीटरचा होता. पंखाही त्याच वायरीवर. खोली झाडून झाली, ती यंत्र घेऊन वर गेली, आणि प्लग जमिनीवर तसाच राहिला.

नेव्हिल संध्याकाळी आला तेव्हा त्याचा अर्धा जबडा बधिर होता. त्याने आधी प्लग बघितला.

"मॉरीन."

ती जिन्यावरून खाली आली.

"हा कुणी काढला?"

"मी. विसरले."

"विसरलीस? चार तास? ती मेली असती."

"मेलीय का बघ आधी."

त्याने काचेला डोळा लावला. थाळी रिकामी होती. पाण्यावर नुसता खोलीतल्या दिव्याचा उजेड हलत होता. मेबल डाव्या टोकाला, थंड पडलेल्या पिंजऱ्याखाली, भिंतीला चिकटून वेटोळं घालून बसली होती. अंग सैल. डोकं वेटोळ्यावर.

"गारठलीय," तो म्हणाला आणि प्लग हातात घेतला.

"नेव्ह, थांब जरा. किती दिवसांनी ती पाण्याबाहेर आलीय?"

"गारठलीय म्हणतोय ना."

"गारठली असती तर त्या टोकाला गेली असती. तिकडे चालूच आहे की ऊब. ती इकडे का आली?"

नेव्हिलने प्लग लावला. पंखा फिरू लागला.  मॉरीन स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने चहा मिळतोय का बघायला नेव्हिल तिच्यामागे गेला. चहा नव्हता. मॉरीन नेहमीच्या खुर्चीत बसली होती. दार बोटभर उघडं, बाहेरची हवा तिच्या गुडघ्यांवर येत होती, आणि ती शब्दकोडं उघडून बसली होती. पण पेन खाली होतं.

"थंडी वाजत नाही तुला?" त्याने विचारलं. बधिर तोंडातून ते नीट निघालं नाही.

"वाजते."

"मग इथे कशाला बसतेस?"

"वाजली की तुझ्याकडे येते. उकडलं की इथे येते." तिने पान उलटलं. "लग्न झाल्यापासून हेच चाललंय. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, रुसतेस."

"रुसतेही. पण ते निराळं."

तो तसाच उभा राहिला. मग पुढच्या खोलीत गेला. मेबल पुन्हा थाळीच्या काठावर आली होती. अर्धं अंग पाण्यात, अर्धं बाहेर. त्याने वाकून प्लग काढला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने विल्फला घरी बोलावलं. विल्फने पेटी बघितली. सफाई बघून शीळ घातली. मग डाव्या टोकाचा, बंद असलेला हीटर बघितला, आणि उजव्या टोकाचा बघितला, आणि छताचा पंखा बघितला.

"हे दोन्ही चालू असायचे?"

"हो."

"आणि गार टोक कुठे होतं?"

"नव्हतं."

विल्फ स्टूलवर बसला. "अरे, तू पाळली नव्हतीस हिला. भाजायला ठेवली होतीस. झिलई लावायची तेवढी राहिली होती."

नेव्हिलने बंद हीटरच्या पिंजऱ्यावरून बोट फिरवलं.

"सापाला अंगची ऊब नसते, राजा. खाल्लं की तो गरम टोकाला जातो. पचलं की गार टोकाला येतो. दिवसभर त्याची ये-जा चालू असते. आच किती घ्यायची ते तो ठरवतो. ते काम तू तिच्याकडून काढून घेतलंस."

"मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी गरम टोक विचारलंत."

"गार टोक कोण विचारतो? ते आपोआप होतं. एका बाजूला ऊब दिली की दुसरी बाजू गार राहतेच."

"माझ्याकडे आपोआप काही राहत नाही," नेव्हिल म्हणाला.

विल्फने त्याच्याकडे बघितलं, थट्टा थांबवली आणि काय करायचं ते सांगितलं. उजवीकडे बत्तीस असू दे, डावीकडे पंचवीस, मधे जे होईल ते होऊ दे. थर्मोस्टॅटची घुंडी मधे नको, गरम टोकाला पाहिजे. दोन्ही टोकांना लपायला एकेक ढोली दे, नाहीतर भित्र्या जनावराला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं. निघताना तो दारात म्हणाला, "पोरीला सांगू नकोस. खायला लागेल मेबल. ईस्टरपर्यंत भरून निघेल."

नेव्हिलने पंखा काढला. डाव्या टोकाचा हीटर काढून तिथल्या लाकडात भोकं पाडली, कॉर्क खरवडून काढलं. हे काम त्याला जड गेलं. आयुष्यभर जे हात फटी बुजवत आले, त्यांना फट पाडायची होती. आधी भोकं फार लहान झाली. टोक अठ्ठावीसच्या खाली येईना. तो पुन्हा शेडमध्ये गेला आणि मोठं गिरमिट घेऊन आला. पंचवीस झाल्यावर त्याने हात आत घातला आणि उजवीकडून डावीकडे नेला. ऊन, कोमट, गार. त्याच्या मते पेटी बिघडली होती.

मार्च लागला तेव्हा मेबलने पहिला उंदीर घेतला. चिमट्यातून असा ओढला की नेव्हिल मागे सरकला. गिळून झाल्यावर ती उजवीकडच्या ढोलीत गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी डावीकडे. नेव्हिल स्टूलवर बसून तिचं जाणं-येणं बघत राहिला. मॉरीन मधूनच येऊन विचारायची, "आज कुठे आहेत बाईसाहेब?" तो सांगायचा. पुढची कात अखंड निघाली. त्याने ती मॉरीनला दाखवली. तिने ती हातात धरायला नकार दिला, पण बघितली.

ईस्टरला केरी आली. मॉरीनने सकाळीच नेव्हिलला गाठलं होतं.

"जनावर खातंय. अंगावर आलंय. तू तोंड बंद ठेव. महिन्यातून एकदा येणार आहे ती."

"माहितीये."

"माहितीये तर मग झालं."

केरीने कोट काढायच्या आधी पुढच्या खोलीत डोकावलं. काचेची टाकी नव्हती. ती पेटीसमोर खाली बसली. सांध्यांवरून बोट फिरवलं. काच सरकवून बघितली. काच आवाज न करता सरकली.

"बाबा, हे तू केलंस?"

"हो."

"हे विकत मिळत नाही असलं. विल्फ पॉडमोरकडेसुद्धा नाही." तिने मेबलला उचललं, गळ्यात घेतलं. मेबलची जीभ तिच्या कानाशी लवलवली. केरी हसली. या खोलीत ती हसल्याला बरीच वर्षं झाली होती. "मग ठरलं. इथेच राहू दे हिला."

मॉरीन दारात उभी होती. तिने नेव्हिलकडे बघितलं नाही, पायाखाली बघितलं.

"दोन हीटर होते याला," नेव्हिल म्हणाला.

"काय?"

"दोन्ही टोकांना. मी सगळीकडे बत्तीस ठेवलं होतं. मग तेहतीस. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. हिला गार व्हायला जागाच नव्हती. पाण्यात बसायची. कात फाटून निघाली. मला वाटलं, ऊब कमी पडतेय."

 केरीने उठून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. मेबलला भांड्यात ठेवलं, आकडा बघितला. ऑक्टोबरातला आकडा तिला पाठ असणार. तिने तो सांगितला नाही.

"मेली असती," ती म्हणाली.

"हो."

"तुला कळलं कसं?"

"मला नाही कळलं. तुझ्या आईने प्लग काढला."

केरीने आईकडे बघितलं. मॉरीन म्हणाली, "झाडत होते."

केरी पेटीशी परत गेली. तिने गरम टोकाला हात ठेवला, मग गार टोकाला. दोन्हीकडे बराच वेळ ठेवला.

"मी तुला फक्त बत्तीस सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुसरं टोक सांगितलंच नाही. माझ्या टाकीत ते असायचंच, म्हणून डोक्यात आलं नाही. अर्धी चूक माझी आहे, बाबा."

 त्या अर्ध्यावर नेव्हिलने हक्क सांगितला नाही.

"पेटी आता बरोबर आहे. चांगलीच आहे. पण मी तिला नेते." तिचा आवाज नर्सचा झाला होता, वाईट बातमी सांगतानाचा. "मला तिकडे रात्रपाळी असते. काम करताना मला इकडची काळजी नको. शेलीकडे ठेवते."

"बरं," नेव्हिल म्हणाला.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"हो."

जेवण झालं. कोकरू होतं, पुदिन्याची चटणी होती.  निघताना केरीने अभ्र्याला गाठ मारली आणि तो कोटाच्या आत घेतला. पेटी गाडीत मावत नव्हती. दारात तिने बापाच्या दंडाला हात लावला, मग गेली. मॉरीन म्हणाली, "मी म्हटलं होतं." नेव्हिल म्हणाला, "म्हटलं होतंस." त्याने उजव्या टोकाचा हीटर बंद केला. पेटी संध्याकाळपर्यंत सगळीकडे सारखी गार झाली.

एप्रिल, मे केरी आली नाही. रविवारचे फोनही थांबले. विल्फ एकदा येऊन म्हणाला, पेटी विकायची असेल तर मी घेतो. नेव्हिल म्हणाला, बघू.

जूनच्या अखेरीस उकाडा आला. आमच्याकडे तो आला की लोक पहिले दोन दिवस खूश असतात. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"बाबा, मी क्रूला आहे. शेलीकडे. सुट्टीवर आलेय, उद्या तुमच्याकडे यायचं की नाही ते ठरलं नाहीये अजून." ती भरभर बोलत होती. "मेबल पाण्यात बसलीय. शेली म्हणते, बत्तीस आहे, मग काय हरकत आहे."

"गार टोकाला हात घाल."

"घातला."

"काय लागतं?"

"गार लागत नाही. दोन्हीकडे सारखंच आहे."

"तिची टाकी कुठल्या खोलीत आहे?"

"मागच्या काचेच्या खोलीत. शेलीने उजेडासाठी ठेवलीय."

"हीटर बंद कर."

"पूर्ण?"

"पूर्ण. बत्तीस तुमच्या खोलीतच आहे, राणी. त्या घरात ऊन कुठल्या बाजूला येत नाही?"

"बाबा, मला काय माहीत? थांब." तिने शेलीला हाक मारून विचारलं. "न्हाणीघर. खाली फरशी आहे."

"तिथे ने. फरशीवर ठेव. ओला टॉवेल अर्ध्या टाकीवर टाक. अर्ध्याच. सगळी झाकू नकोस."

"कुठला अर्धा?"

"दाराकडचा. आणि मग हात घालून मला सांग."

पलीकडे फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. मग पाय वाजले, काहीतरी फरफटलं, शेली कुणाला तरी बाजूला हो म्हणाली. नेव्हिल कानाला फोन लावून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. पुढची खोली बंद होती आणि तापली होती. तो फोन घेऊन तार पुरेल तितका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. मॉरीनने खुर्ची जरा सरकवून त्याला वाऱ्यात जागा करून दिली.

"कोण आहे?"

"केरी."

"काय म्हणते? येतेय का उद्या?"

"थांब," नेव्हिल म्हणाला. "अजून फोन ठेवला नाहीये तिने."